मुलाच्या मापाचे सण

पहिलीतल्या मुलाची उंची साधारण पावणेचार फूट असते. उभं राहून बोललं की त्याचं तोंड जमिनीपासून सव्वातीन फुटांवर येतं. ख्रिस्ती प्राथमिक शाळेत परिपाठ असो, कापणीचा सण असो, नाताळ असो की शताब्दी, तयारीला बसताना हे माप आधी फळ्यावर लिहून ठेवावं. कार्यक्रम बिघडतात ते बहुतेक वेळा याचाच विसर पडल्यामुळे. माईक पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, उंचीला लावलेला असतो, प्रार्थना रविवारच्या उपासनेइतकी लांबते, पाहुणे पालकांशी बोलतात आणि ज्यांच्यासाठी शाळा आहे ती मुलं सतरंजीवर पेंगत असतात.

इथे लिहिलंय ते अहिल्यानगर, सोलापूर, सातारा भागातल्या मराठी माध्यमाच्या, पहिली ते चौथीच्या मिशन शाळा डोळ्यांसमोर ठेवून. हिशोब सोपा व्हावा म्हणून वर्गात ४० प्रमाणे १६० मुलं धरली आहेत. या शाळांत ख्रिस्ती मुलं पुष्कळदा निम्म्याहून कमी असतात. आसपासच्या वस्तीतली हिंदू, बौद्ध, मुस्लिम मुलं त्याच बाकांवर बसतात. सण सगळ्या शाळेचा व्हायचा असेल तर हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावं लागतं. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. मूल कायद्याने सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. ही संमती प्रवेशाच्या वेळीच, समोर बसून, समजावून घ्यावी. डिसेंबरात नाटकाच्या आदल्या आठवड्यात विचारायला गेलं की पालकाला वाटतं काहीतरी लपवलं होतं, आणि मुलाचं मन विनाकारण मोडतं.

परिपाठाबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण वर्षातले सगळे मोठे दिवस त्या पंधरा-वीस मिनिटांत तयार होतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका हे सगळ्या शाळांत असतंच. मिशन शाळेत त्यावर एक गीत, बायबलमधलं एक वचन आणि येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना येते. हे सगळं बसवायचं तर गीताचं एकच कडवं घ्यावं आणि महिनाभर तेच गावं. वचन आठवड्याला एक, सहा-सात शब्दांचं. लांब वचन दिलं तर चौथीची दहा मुलं ते पाठ म्हणतात आणि पहिलीची चाळीस नुसते ओठ हलवतात.

प्रभूच्या प्रार्थनेत तीन जागा अशा आहेत की शिक्षकांनी जूनमध्येच थांबून समजावल्या नाहीत तर मुलं वर्षभर भलतंच समजून म्हणत राहतात. पहिली, ‘परीक्षेत आणू नको’. सात वर्षांच्या मुलाला परीक्षा म्हणजे पेपर. ते मनापासून देवाला सांगत असतं की माझी परीक्षा घेऊ नको, आणि एप्रिलमध्ये पेपर हातात आला की प्रार्थना वाया गेली असं त्याला वाटतं. इथे परीक्षा म्हणजे वाईट वागायचा मोह होईल असा प्रसंग, हे त्याच्याच जगातलं उदाहरण घेऊन सांगावं: शेजाऱ्याच्या दप्तरातली रंगपेटी उघडी दिसते आणि वर्गात कोणी नाही, तो क्षण. दुसरी जागा ‘ऋण’. हा शब्द मुलांच्या बोलण्यात नाही. घेतलेलं खोडरबर परत न देणं आणि ज्याचं होतं त्याने ‘राहू दे’ म्हणणं, एवढ्यावर अर्थ पोचतो. तिसरी जागा ‘रोजची भाकर’. ही समजावी लागत नाही, पण तिथे दोन क्षण थांबावं, कारण त्या रांगेत भाकरी न खाता आलेली दोन-चार मुलं असतात. ती कोण हे वर्गशिक्षिकेला माहीत असावं आणि अकराच्या आत त्यांच्या पोटात काही जावं.

परिपाठ कोणी घ्यायचा याचाही हिशोब आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्षाला किमान २०० दिवस भरतात. मुलं १६०. म्हणजे प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा पुढे उभं राहून प्रार्थना, वचन किंवा सुविचार म्हणायची पाळी देता येते, आणि पाऊस, गैरहजेरी, आजारपण यांना ४० दिवस उरतात. पाळीची यादी हजेरीपटाच्या क्रमाने जूनमध्येच लावावी. ‘ज्याला येतं त्याने पुढे यावं’ असं म्हटलं की तीच आठ मुलं वर्षभर पुढे येतात आणि नाताळच्या नाटकात पुन्हा तीच निवडली जातात. न बोलणाऱ्या मुलाला दोघांच्या जोडीत उभं करावं, त्याने फक्त ‘आमेन’ म्हटलं तरी त्याची पाळी झाली. प्रार्थना न म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी सुविचार किंवा दिनविशेष द्यावा. उभं राहणं सगळ्यांना सारखंच मिळालं पाहिजे.

पावसाळ्यात परिपाठ व्हरांड्यात घेताना पहिलीला भिंतीकडे आणि चौथीला पागोळ्यांकडे उभं करावं. उलट केलं की धाकटी मुलं पाण्यात हात घालतात आणि परिपाठ तिथेच संपतो.

कापणीचा सण म्हणजे आलेल्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस. काही मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समाज, त्याला हंगामाचा सण म्हणतात. खरिपानंतर किंवा रब्बीनंतर तो मंडळीत होतो. शाळेने त्यात भाग घ्यावा, पण माप एकच ठेवावं: मूठ. मुलाने घरून आपल्या मुठीत मावेल एवढंच धान्य आणायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत साधारण २५ ग्रॅम ज्वारी मावते. १६० मुलांची मिळून चार किलो होते. हे थोडं वाटतं म्हणून बरेच जण ‘जमेल तेवढं आणा’ असं सांगतात आणि तिथेच सणाचा जीव जातो. बागायतदाराच्या घरून पाच किलोची पिशवी येते, ऊसतोडीच्या घरचं मूल रिकाम्या हाताने येतं आणि गेटपाशीच परत फिरतं. मूठ ठरवली की दोघांचा वाटा सारखा. ज्याच्या घरी तेही नाही त्याच्यासाठी शिक्षिकेच्या टेबलात ज्वारीचा डबा ठेवावा, त्याने त्यातून मूठ भरून घ्यावी, कोणी विचारू नये.

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि कडधान्य यांना पाच वेगळ्या पाट्या ठेवाव्यात आणि पाटीवर धान्याचा नमुना चिकटवावा, कारण पहिलीला नावं वाचता येत नाहीत. एकत्र ओतलेलं धान्य नंतर निवडायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. घरातल्या घामट पिशवीतून किंवा पावसाळी हवेतून आलेलं धान्य तसंच डब्यात भरलं तर महिन्याभरात सोंडे पडतात. दोन दिवस कडक उन्हात पसरून, पूर्ण गार झाल्यावरच भरावं. गरम भरलं तर डब्याला आतून घाम येतो आणि खालचा थर बुरसतो. बाजरी आधी वाटून संपवावी, तिचं पीठ लवकर कडू होतं. आणि हे धान्य शालेय पोषण आहाराच्या साठ्यात मिसळू नये. तिथे दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचा हिशोब असतो आणि बाहेरचं धान्य त्यात गेलं की साठा नोंदवही जुळत नाही. मुठीचं धान्य वसतिगृहाला, वृद्धाश्रमाला किंवा मंडळीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला द्यावं, आणि पोचवायला दोन मुलांना बरोबर न्यावं. मंडळीत नंतर वस्तूंचा लिलाव होतो, भोपळा पाचशेला जातो, त्यात मोठ्यांना आनंद आहे. लहान मुलांच्या मुठी लिलावात घालू नयेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की नाताळचा तारा करायला घ्यावा. बाजारात प्लॅस्टिकचा घडीचा तारा मिळतो, पण कामट्यांचा तारा शाळेत करण्यात जे आहे ते विकतच्यात नाही. त्याचं गणित चौथीच्या मुलाला पट्टीने मोजता येतं.

बुरुडाकडून ३० इंच लांबीच्या, पाव इंच रुंदीच्या दहा कामट्या आणाव्यात. सगळ्या एकाच बांबूच्या आणि एकाच जाडीच्या असाव्यात. एक जरी जाड आली तरी तारा तिच्या बाजूला ओढला जातो. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून साडेअकरा इंचांवर पेन्सिलीने खूण करावी. मधे ७ इंच उरतात. पाच कामट्यांची पाच टोकं जोडून चांदणी करायची, आणि कामट्या एकमेकींना त्या खुणांवरच छेदल्या पाहिजेत. प्रत्येक कामटी एका खुणेवर वरून आणि दुसऱ्या खुणेवर खालून न्यावी. असं विणलं की गाठ मारण्याआधीच सांगाडा हातात धरता येतो. ओल्या सुती दोऱ्याने टोकं आणि छेद बांधावेत, दोरा वाळला की आवळतो. अशा दोन चांदण्या करायच्या, एकमेकींवर ठेवायच्या आणि फक्त पाच टोकं एकत्र बांधायची. मग आतल्या पाच छेदांमध्ये ६ इंचांचे पाच तुकडे आडवे अडकवायचे. तारा फुगतो. तुकडे ६ इंचांहून लांब घेतले तर कामटी टोकाच्या गाठीपाशी तडकते, आणि एक तुकडा लहान-मोठा झाला तर तारा एका बाजूला पिचतो.

कागद लावायला पैलू मोजावे: पुढून पाच त्रिकोण, मागून पाच, बाजूंचे दहा अरुंद त्रिकोण आणि मधले दोन पंचकोन. एकूण २२. मागचा पंचकोन दिव्यासाठी उघडा ठेवायचा, म्हणजे कागद २१ ठिकाणी लागतो. एकवीस मुलं, एकेकाला एक पैलू. पतंगाचा कागद कडेला अर्धा इंच जास्त कापून मैद्याच्या खळीने कामटीवर दुमडावा. खळ पातळ झाली की कागद सुरकुततो आणि वाळताना फाटतो. ती बोटावरून न ओघळण्याइतकी घट्ट हवी. कामट्या तासायचं आणि टोकं बांधायचं काम मोठ्यांचं, कारण बांबूचं कुसळ मुलांच्या बोटात शिरतं. आत पाच वॅटचा एलईडी दिवा. मेणबत्ती किंवा जुना पिवळा बल्ब कागदाच्या ताऱ्यात कधीच नको.

नाटकाची निवड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली पाहिजे. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळची तयारी करायच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात येतो आणि कार्यक्रम साधारण २० डिसेंबरच्या आसपास. म्हणजे चार आठवडे मिळतात. त्याहून लांब तालीम घेतली की मुलं कंटाळतात, आणि सहामाही झाल्यानंतरचा अभ्यास बुडतो म्हणून पालकही कुरकुरतात. रोज ३० मिनिटं पुरतात.

एकही मूल नुसतं बघायला बसू नये. १६० मुलांना जागा करणं कठीण नाही, कारण गोष्टच तशी भरलेली आहे. पहिली मेंढरं, दुसरी देवदूत, तिसरीत मेंढपाळ आणि मागी लोक (बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी), चौथीत निवेदक, गायक, मरीया, योसेफ. मागी तीनच होते असं बायबलमधल्या शुभवर्तमानात कुठे म्हटलेलं नाही, भेटी तीन आहेत: सोनं, ऊद आणि गंधरस. त्यामुळे तिसरीतले बारा मागी उभे केले तरी मजकुराला धक्का लागत नाही. उदाचा खडा निखाऱ्यावर आधी वर्गात दाखवावा. वास आला की मुलं आपापल्या घरचं सांगू लागतात, कोणी देव्हाऱ्याचं, कोणी दर्ग्याचं, आणि दूरदेशच्या त्या मागींची भेट एकदम ओळखीची होते. ‘उतारशाळा’ म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा हे सांगावं. ‘बाळंतं’ सांगावं लागत नाही, तो शब्द घराघरांत आहे. बाळाला जुन्या मऊ लुगड्याचा तुकडाच गुंडाळावा. चकचकीत साटीन घसरतं आणि मरीयेच्या हातातून बाहुली पडते. हेरोद राजाने बाळं मारल्याचा प्रसंग प्राथमिक शाळेत घेऊ नये. पहिलीतली मुलं रात्री झोपत नाहीत.

संवादांचं काय करायचं, यावर बहुतेक कार्यक्रम फसतात. लहान मुलांना माईकपर्यंत चालत नेऊन बोलायला लावलं की निम्मी वाक्यं ऐकूच येत नाहीत आणि उरलेल्यांत माईकची शिट्टी वाजते. त्यापेक्षा चौथीचे सहा निवेदक एका बाजूला, चार फुटांहून कमी उंचीवर लावलेल्या स्थिर माईकपाशी उभे करावेत, त्यांनी कागद हातात धरून वाचावं, आणि बाकीच्यांनी मूक अभिनय करावा. निवेदकाचा एक परिच्छेद चार ओळींहून मोठा नको. गाणी चार, सगळं मिळून २५ मिनिटं. पेटीवर सूर धरताना शिक्षकांनी स्वतःचा गळा पाहू नये. चाल मध्य सप्तकातच फिरत असेल तर सा पांढरी एक ते पांढरी दोन यांत धरावा, तो मुलांना सोसतो. चाल खाली मंद्रात उतरत असेल तर सा वर न्यावा, नाहीतर मुलं सूर सोडून नुसती पुटपुटतात. वर ताणलं तर ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी गळे बसतात.

पालक रोजंदारीवर जाणारे असतील तर कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला ठेवावा लागतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं आणि नगरकडे थंडी झोंबते. म्हणून देवदूतांचे झगे स्वेटरवरून चढतील इतके सैल शिवावेत. नाहीतर आई ऐनवेळी झग्यावरून लाल स्वेटर घालते आणि तिचंही बरोबरच असतं. पंख पुठ्ठ्याचे, मुलाच्या दोन्ही कोपरांच्या रुंदीएवढेच. त्याहून मोठे झाले की रंगमंचाच्या दारात दोन देवदूत अडकतात. तारेचे पंख नकोत, टोक मागच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतं. मेंढपाळांना खरी घोंगडी मिळाली तर उत्तमच, पण पूर्ण घोंगडी आठ वर्षांच्या मुलाला पेलत नाही आणि मानेला टोचते. दुहेरी घडी करून एका खांद्यावर टाकावी, आत पूर्ण बाह्यांचा सदरा. मेंढरांना रांगायला लावू नये, सिमेंटवर गुडघे सोलतात. त्यांना पडदा उघडण्याआधीच गव्हाणीभोवती सतरंजीवर बसवून ठेवावं. त्याआधी पंधरा मिनिटं सगळ्या पहिलीला रांगेने बाहेर नेऊन आणावं. हे विसरलं तर गब्रीएल देवदूताच्या निरोपाच्या वेळी एक मेंढरू रडत उठतं.

गव्हाणीत कडबा घालायचा असेल तर चिमूटभर घालावा आणि दिव्यांच्या माळा त्यापासून हातभर दूर ठेवाव्यात.

खाऊ सगळ्यांना एकसारखा. आपल्याकडे नाताळच्या ताटात करंजी, चकली, लाडू असतात, तोच फराळ शाळेत द्यावा. १६० मुलांना मुलामागे एक करंजी, एक चकली आणि केकचा एक तुकडा. केक बिनअंड्याचा घ्यावा म्हणजे कोणाला हात आखडावा लागत नाही. नाताळबाबाला पहिलीची काही मुलं घाबरतात, म्हणून त्याने दाढी मुलांसमोरच लावावी. भेटवस्तूंची अदलाबदल करायची असेल तर किमतीची मर्यादा वहीत लिहून पाठवावी. आमचं मत, ती करूच नये, सगळ्यांना शाळेकडून एक पेन्सिल पुरे.

वाढदिवसाबद्दल थोडक्यात. चॉकलेटं वाटण्यावरून वर्गात चढाओढ लागते. रविवारच्या शाळेतली जुनी पद्धत चांगली आहे: मुलाने आपल्या वयाइतकी नाणी पेटीत टाकायची, सगळ्यांनी गाणं म्हणायचं, पेटीतल्या पैशांतून वर्षाअखेरी वाचनालयाची पुस्तकं. सात नाणी एकेक रुपयाचीही चालतात. ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही येतो, म्हणजे बहुधा परीक्षेच्या तोंडावर, त्यामुळे सोमवारच्या परिपाठात एक गीत आणि पुनरुत्थानाची गोष्ट एवढंच करावं.

आता शताब्दीकडे. आपल्या भागातल्या काही मिशन शाळांची मुळं फार जुनी आहेत. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली ठाणं घातलं. त्याच मिशनच्या अमेरिकन शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. इतका मोठा वारसा भागात असला की प्रत्येक शाळेला आपलं साल मागे न्यायचा मोह होतो. तो टाळावा. शाळेची तीन सालं असतात: पाळकांच्या ओसरीवर पहिला वर्ग बसला ते, इमारत झाली ते आणि सरकारी मान्यता मिळाली ते. तिन्ही शोधावीत, तिन्ही फलकावर लिहावीत आणि महोत्सव कोणत्या सालावरून मोजला तेही लिहावं. भिंतीतल्या कोनशिलेवर बहुधा इमारतीचं साल असतं, शाळा सुरू झाली ते नव्हे.

सगळ्यात मोठा ठेवा म्हणजे जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जुन्या वह्यांतली काही पानं मोडी लिपीत असू शकतात. ती जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावी, अंदाजाने वाचू नयेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट कागद उचलते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. कसर लागलेली वही इतर वह्यांपासून वेगळी करावी, मऊ ब्रशने झटकावी, सावलीत उघडी ठेवावी. फोटो काढायचे ते खिडकीपाशी, बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅशशिवाय, आणि फाइलला पान क्रमांकाचंच नाव द्यावं. तारखेची नावं दिलेल्या दोन हजार फोटोंमधून नंतर काहीही सापडत नाही.

महोत्सवात हे रजिस्टर काचेखाली उघडं ठेवायची पद्धत पडली आहे. तिथे फार जपावं लागतं. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली, पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शेकडो मुली आणल्या. त्या काळातल्या नोंदींत बापाच्या नावाची जागा कोरी असते, शेऱ्यात दोन शब्दांत मुलाची कहाणी असते, जातीचा रकाना असतो. त्या मुलांची पणतवंडं महोत्सवाला आलेली असतात. पान उघडं ठेवायचंच असेल तर नाव आणि प्रवेशाची तारीख एवढेच रकाने दिसतील असा पुठ्ठा कापून वर ठेवावा. घरच्या माणसाने आपल्या आजोबांची नोंद मागितली तर ती बाजूच्या खोलीत, बसवून, निवांत दाखवावी. पाणी जवळ असावं. शाई फिकट झालेल्या त्या ओळीवर बोट ठेवून लोक बराच वेळ काही बोलत नाहीत. त्यांना घाई करू नये.

महोत्सवाच्या दिवशी वेळ खातात ते सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो धरून एका सत्काराला दोन मिनिटं जातात. पंधरा सत्कार म्हणजे अर्धा तास, आणि तेवढ्यात पहिली-दुसरी उठून पाण्याच्या टाकीकडे जाते. सत्कार मुलं यायच्या आधी, सकाळच्या उपासनेनंतर उरकावेत. मुलं आली की आधी त्यांचा कार्यक्रम, मग भाषणं दोन, प्रत्येकी चार मिनिटं. माजी विद्यार्थ्यांना खुर्च्या न देता जमेल त्यांना त्यांच्याच इयत्तेच्या वर्गात, लहान बाकांवर, आजच्या मुलाच्या शेजारी बसवावं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची, पण वर्गातच. शेजारच्या मुलाने तीनच प्रश्न विचारायचे, ते आधी वहीत लिहून आणायचे: तुमच्या बाई कोण होत्या, डब्यात काय आणायचात, शिक्षा काय व्हायची. चौथा प्रश्न मुलं आपोआप शोधतात.

चौथीचा निरोप एप्रिलमध्ये, शेवटच्या पेपरनंतर. मेणबत्त्या हातात धरून रांगेने चालणं सुंदर दिसतं, पण नऊ-दहा वर्षांच्या चाळीस मुलांच्या हातात पेटती मेणबत्ती आणि पुढच्याच्या वेणीत वीतभर अंतर, हे करू नये. टेबलावर परातीत वाळू पसरून त्यात पणत्या ठेवाव्या, एकेका मुलाने येऊन आपली लावावी, शिक्षिकेने शेजारी उभं राहावं. निरोप खरा होतो तो कामं सोपवण्यात. वर्षभर चौथीने केलेलं प्रत्येक काम नाव घेऊन तिसरीतल्या एकाला द्यायचं: घंटा, प्रार्थनेच्या टेबलावरचं कापड, बागेचा नळ, वाचनालयाची किल्ली, पहिलीला रांगेने आणणं. घंटा देणाऱ्याने एकदा वाजवून दाखवायची, घेणाऱ्याने एकदा वाजवायची. तास संपल्याचे किती ठोके आणि शाळा सुटल्याचे किती, हे त्याने सगळ्यांसमोर म्हणून दाखवायचं. प्रार्थना एकच, लहान, आणि ती तिसरीच्या मुलाने करायची.

दाखले त्याच दिवशी द्यायची घाई करू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची प्रत्येक नोंद जनरल रजिस्टरवरून येते, आणि मूल शाळेतून गेल्यावर तिथली चूक दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं. म्हणून मार्चमध्येच चौथीच्या पालकांना दहा-दहाच्या गटाने बोलवावं. मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, जन्मगाव, तालुका, सगळं मोठ्याने वाचून दाखवावं, कारण काही पालकांना वाचता येत नाही आणि ते तसं सांगत नाहीत. आधार कार्डावरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही टिपून घ्यावा. सही किंवा अंगठा कच्च्या नोंदीवर घ्यावा, आणि मगच पक्का दाखला लिहायला घ्यावा.